दोन्ही प्रती माझ्याच पोटात

मित्रांनो, बसा, पण टेबलाला धक्का लावू नका. मी एक म्हातारी हार्ड डिस्क आहे आणि मला आता हादरे सोसत नाहीत. कॉम्प्युटरच्या पेटीत आत, लोखंडी कप्प्यात एक चपटी, जड वस्तू असते ना, ती मी. तुमची चित्रं, गाणी, पत्रं स्क्रीनवर दिसतात, म्हणून तुम्ही स्क्रीनचं कौतुक करता. सांभाळलेलं सगळं माझ्याकडे असतं. असो. तक्रार करायलाही अंगात त्राण लागतं.

मी जिथे जन्मले, त्या कारखान्यात धुळीचा कण औषधालाही सापडत नसे. कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरत. एवढा थाट कशासाठी, तर माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक टोक, चकतीला न टेकता, अधांतरी पळत असतं. तेच लिहितं, तेच वाचतं. ते टेकलं की ओरखडा, आणि ओरखड्याखालचं सगळं गेलं. जन्मभर अधांतरी राहायचं आणि वर कुरकुर करायची नाही, असला माझा धंदा.

मला घरी आणलं ते चपला-बुटांचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना मी मालक म्हणते. भारी बोलके. चावणारा बूटसुद्धा गोड बोलून गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारतील. त्यांच्या दुकानाचा माल, त्यांच्या लेकीचा अभ्यास, सहलींचे फोटो, सगळं मी पोटात घेतलं. सुरुवातीला माझं फार कोडकौतुक झालं. मालकीणबाई रोज पेटी पुसायच्या. पुढे लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि पेटीचा पाय ठेवायचा पाट झाला. वर टॉवेल वाळत पडायचे, खाली धूळ साठायची. मी आपली फिरत राहिले.

मग मालकांच्या घशाला दुखणं लागलं. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे जीव वाचेल, पण आवाज जाईल. दिवसभर ज्याच्या तोंडाचा पट्टा सुरू, त्या माणसाला हे ऐकवलं गेलं. घरात कुणी कुणाकडे बघेना. शेवटी बातमी ऐकून आलेली लेक म्हणाली, "बाबा, रोजची वाक्यं तुमच्या आवाजात भरून ठेवू. पुढे फोनवर बटण दाबलं की तुमचाच आवाज येईल."

मालक रोज दुपारी दार लोटून माझ्यासमोर बसू लागले. "दार उघड." "पाठ दुखतेय." "पंखा कमी कर." "हा आधी घट्ट वाटेल, पण सैलावतो." मध्येच खोकला येई, आवाज बसे. पाणी पिऊन ते पुन्हा पहिल्यापासून म्हणत. मी एकेक वाक्य नीट ठेवून घेतलं. दुकानाच्या मालाची नोंद आणि हे, यातला फरक मलाही कळत होता.

लेकीने फोनवर बजावलं, "बाबा, दोन प्रती ठेवा हं." मालकांनी ठेवल्या. एका फोल्डरला नाव दिलं 'आवाज', दुसऱ्याला 'आवाज, जपून ठेवलेला'. आणि दोन्ही ठेवले माझ्यातच. इथेच घोडं पेंड खातं, मित्रांनो. एका घरात दोन कपाटं घेतली, म्हणून घर पडल्यावर त्यातलं एक वाचतं का? पण मला विचारतो कोण.

ऑपरेशन झालं. मालक घरी आले ते गप्प. काही हवं असलं की छोट्या पाटीवर लिहायचे. माझ्या खोलीकडे मात्र कित्येक महिने फिरकले नाहीत. स्वतःचाच आवाज ऐकायची धास्ती वाटत असावी. दुकानात मालकीणबाई बोलायच्या आणि मालक खोकी काढून द्यायचे. लेक सुट्टीवर आली, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आता आवाज घालू या फोनमध्ये?" मालकांनी पहिल्यांदाच मान डोलावली. तिने पेटीचं बटण दाबलं आणि नेमकी तेव्हाच मी अडखळले. टक्. टक्. टक्.

पुढचे हाल काय सांगू. मालकीणबाईंनी पेटीला दोन चापट्या मारल्या. लेकीने बंद कर, चालू कर असा सपाटा लावला. दर खेपेला माझं टोक चकतीवर घासत होतं. त्यात लेकीचे मामा फोनवरून उंटावरून शेळ्या हाकू लागले. "फ्रीजमध्ये ठेवा. माझ्या ओळखीतल्या एकाची अशीच सुरू झाली." मग काय, मला उपसून फ्लॉवर आणि दह्याचं भांडं यांच्या मधोमध ठेवलं. बाहेर काढलं तर मला घाम फुटलेला, आणि टकटक दुप्पट. "मग उघडून बघा," मामा म्हणाले. लेकीने स्क्रू ड्रायव्हर उचलला. तेव्हा मालकांनी माझ्यावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. पाटीवर त्यांनी एकच शब्द लिहिला, 'दुरुस्ती'.

दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी आधी मला कानाशी धरलं.

"टकटक सुरू झाल्यावर किती वेळा चालू केलीत?"

"एकदोनदा," मालकीणबाई म्हणाल्या. मालकांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, मुठी मिटल्या आणि पुन्हा दाखवली.

"आता हात लावू नका. दमलीय ती," बाई म्हणाल्या. "मी हिच्यातलं नव्या डिस्कवर उतरवून घेते. सोपं आधी, अडलेलं मागून. मध्ये मध्ये विसावा देत. सगळं मिळेल, असा शब्द देत नाही. आधी काय हवंय?"

लेकीने दोन्ही फोल्डरची नावं सांगितली.

"दुसरी प्रतही हिच्यातच?" मालकांनी मान खाली घातली. बाईंनी उसासा टाकला. "असू दे. एका जागी ओरखडा असेल, तर दुसऱ्या जागी नसेलही. बघू."

दमलीय, असं माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदाच म्हणालं होतं. म्हणून असेल, मी उरलासुरला जीव गोळा केला. बाई थोडं वाचून घ्यायच्या, मला थंड होऊ द्यायच्या, पुन्हा थोडं. पहिल्या प्रतीत खड्डा लागला की दुसऱ्या प्रतीत तेच वाक्य शोधायच्या. बहुतेक वेळा सापडायचं. मालकांचा गाढवपणा कामी येत होता.

घरचे परत आले, तेव्हा फायली उघडतात का, हे बघायला बाईंनी एक लावली. "पाठ दुखतेय," दुकानभर मालकांचा आवाज घुमला. मालकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. बाईंनी दुसरी लावली. "अगं, तो नळ बंद कर, रेकॉर्डिंग चाललंय."

"केला हो," मालकीणबाई पटकन म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"एक मात्र आली नाही," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडे खराब आहे. नाव तेवढं दिसतंय, 'जेवण छान झालंय'. अजून एकदा जोर लावून बघते, पण त्यात डिस्क कायमची जाईल."

"राहू द्या हो," मालकीणबाई म्हणाल्या. "आवाज होता, तेव्हा तरी हे कुठे कधी म्हणाले? लेकीने सांगितलं म्हणून भरलं असणार."

लेक खुदकन हसली. मालकही हसले, नुसते खांदे हलले. मग त्यांनी मालकीणबाईंचं मनगट धरून त्यांना आपल्याकडे वळवलं आणि ओठ हलवून, सावकाश, तेच वाक्य म्हटलं. आवाज नव्हताच. मालकीणबाई त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"कळलं," त्या म्हणाल्या. "चला घरी."

मित्रांनो, आता मला कुणी फिरवत नाही आणि मला फिरायचंही नाही. दुधाने पोळलेले मालक आता ताकही फुंकून पितात. एक प्रत घरी, एक लेकीकडे. तुम्ही न पोळताच शहाणे व्हा. आमच्यातलं कुणी टकटकू लागलं, तर त्याला मारू नका, पुन्हा पुन्हा उठवू नका. आम्ही सांभाळतो, पण आम्हीही झिजतो. आणि जेवण छान झालं असेल, तर ते आजच, पानावर बसल्याबसल्या म्हणून टाका. ते आमच्या भरवशावर ठेवू नका.