फाटकाला काडी

टकळी हे नाव तिला मावशीनेच ठेवलेलं. आई गेल्यावर मावशीने तिला वाढवलं, बोलायला शिकवलं, आणि मग पोरीचं तोंड मिटेना म्हणून कपाळावर हात मारून घेतला. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण आमच्या घराकडे बघूनच निघाली असणार, असं टकळी मैत्रिणींना मिरवत सांगायची.

मावशी तिच्याच कॉलेजात शिकवायची आणि तिथल्या ‘सुरक्षा व सौजन्य समिती’वरही होती. मागच्या वर्षी एका सभेत खुर्च्या उडाल्या, एका मुलाचा डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून भाषणाला समितीची परवानगी लागे. शनिवारच्या खुल्या सभेत टकळीला बोलायचं होतं. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक सातला बंद, मुलांचं मात्र सताड उघडं, हे का? वसतिगृहातल्या मैत्रिणींनी तिच्यावरच भिस्त ठेवली होती.

“आधी मनातलं सगळं ओकून टाक,” भांडी पुसता पुसता मावशी म्हणाली. “साचलं की ते नेमकं माईकसमोर फुटतं.”

टकळीने ओकलं. “त्या फाटकाला काडीच लावावीशी वाटते!”

मावशी हसली. “हे गाळ. सभ्यपणे बोललीस तर कोण अडवतंय तुला?”

टकळीने ते गाळलं. आणखीही बरंच गाळलं. उरलेलं भाषण इतकं गुळगुळीत झालं की माशी बसली तर घसरावी. मावशीने शाबासकी दिली.

समितीच्या खोलीत अध्यक्षांनी त्या भाषणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“फाटकाला काडी लावायची भाषा तुम्ही केलीत, असं कानावर आलंय. खरं का?”

ते वाक्य एकाच माणसाने ऐकलं होतं, आणि ते माणूस अध्यक्षांच्या शेजारी बसून पाण्याच्या ग्लासावरचं झाकण नीट करत होतं. काडी लागली होती खरी, पण घरातून.

“म्हटलं होतं,” ती म्हणाली. खोटं बोलायला मावशीने शिकवलंच नव्हतं.

परवानगी नाकारली गेली. सभेतली तिची दहा मिनिटं वृक्षारोपणाच्या माहितीला दिली.

रात्री मावशीने तिच्या ताटात वाढलं. “या वेळी कुणाचा डोळा गेलाच असता तर? जीव टांगणीला लागला होता गं माझा. तुझ्या भल्यासाठीच सांगितलं मी.”

मावशीची भीती खरी होती, हे टकळीला कळत होतं. त्यानेच संताप दुप्पट होत होता. परक्याने केसाने गळा कापला असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. ती खाली मान घालून जेवत राहिली.

मावशीला ते सोसेना. “अशी घुम्यासारखी नको बसूस. बाहेर नाही तर नाही, घरात तरी मोकळेपणाने बोल.”

“घरातच बोलले होते, मावशी.”