दोन मजल्यांचा लोळ्या

सकाळपासून डॉक्टरीणबाई तेच तेच सांगत होत्या. माणसाच्या तापाची गोळी मांजराला देऊ नका, अर्धी नको, पावसुद्धा नको. शिवणाचा डबा झाकून ठेवा, गिळलेला दोरा आतड्याला चुण्या पाडतो. तिसऱ्या मजल्यावर राहता ना, मग खिडकीला जाळी बसवा. मांजर पायावर पडतं हे खरं, पण पाय मोडतात हेही खरं. कुत्र्याला बंद गाडीत ठेवून बाजारात जाऊ नका, काच बोटभर उघडी ठेवली म्हणून काही होत नाही. कुणाच्या कानात किडा, कुणाच्या पोटात चेंडू, कुणाच्या अंगावर गोचीड तर कुणाच्या जिवाला घोर. लोक माना डोलवत, आपापलं जनावर पोटाशी धरून निघून जात आणि दारापर्यंत पोचता पोचता अर्धं विसरत.

बाळाला निजवता निजवता आईच पेंगायला लागावी तसा बाईंचा आवाज झाला होता. हातांवर ओरखडे होते, काही कालचे, काही त्याआधीचे. कंपाउंडर बाईंपेक्षा वयानं मोठा, केस पिकलेला. तो म्हणायचा, बाई, एकदाच सगळं बोलून रेकॉर्ड करून ठेवा, मी लावत जाईन, तुम्ही नुसते ओठ हलवा. आज तो हे म्हणाला तेव्हा बाईंना हसूही आलं नाही. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली, डोळे मिटले, आणि तेवढ्यात बाहेरच्या बाकावरची माणसं उठून वाट करून देऊ लागल्याचा आवाज आला.

दोन बायका आत आल्या. मध्ये एक चादर, चादरीची दोन टोकं एकीच्या हातात, दोन दुसरीच्या. चादरीत त्यांचा कुत्रा लोळ्या होता. त्याचे पाय ताठ झाले होते, जबडा आवळला होता आणि सगळं अंग थडथड उडत होतं.

बाईंनी दोघींना लगेच ओळखलं. या जावा. थोरली खालच्या मजल्यावर राहायची, धाकटी वरच्या. लोळ्या मुळात त्यांच्या सासूबाईंचा. बुटका, लांब पाठीचा, दिवसभर लोळत पडणारा म्हणून लोळ्या. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती केलं, कुणी किती टाळलं, यावरून दोघींत काहीतरी बोलणं झालं आणि त्यानंतर बोलणंच राहिलं नाही. घराच्या वाटण्या सरळ झाल्या. भिंती वाटल्या, भांडी वाटली, जिन्याला वेगळं दार बसलं. कुत्रा तेवढा वाटायचा राहिला. तो आपला पोट घासत जिना चढायचा आणि पोट घासत उतरायचा. दोन्हीकडे त्याची वाटी होती, दोन्हीकडे त्याचं पोतं होतं.

त्याला साखरेचा आजार निघाला तेव्हा दोघी याच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. मानेमागची कातडी चिमटीत कशी धरायची, सुई कशी आडवी घालायची, इन्सुलिनची बाटली हलवायची नाही, तळहातात हळूच फिरवायची, हे बाईंनी दोघींनाही शिकवलं होतं. घरातल्या निदान दोघांना टोचता आलं पाहिजे, एक गावाला गेला तर खोळंबा नको, हा बाईंचा नेहमीचा सल्ला. सल्ला चांगलाच होता. दोघी एकमेकींकडे न बघता शिकल्या, एकमेकींशी न बोलता गेल्या. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. पण बाहेर बाक भरलेला होता, आणि दुसऱ्यांच्या घरातली भांडणं निवडायला बाईंकडे वेळही नव्हता, जीवही नव्हता.

आता कंपाउंडरनं न सांगताच साखरेचा पाक बोटावर घेतला आणि लोळ्याच्या ओठाच्या आतून, हिरड्यांवर चोळायला लागला. घशात ओतायचा नाही, श्वासात जाईल, हे त्यानं चोळता चोळताच धाकटीला सांगितलं, कारण ती पाकाची वाटी घेऊन पुढे सरसावली होती. बाईंनी कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्राला दाखवला. यंत्राला आकडा दाखवता येईना, इतकी साखर खाली गेलेली. त्यांनी पुढच्या पायाची शीर शोधली. अंग उडत असताना शीर शोधणं म्हणजे वाहत्या पाण्यात सुई ओवणं. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा लागली. ग्लुकोज थेंबाथेंबानं आत जाऊ लागलं.

"इंजेक्शन कधी दिलं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"सकाळी, नेहमीच्या वेळेला," थोरली म्हणाली. "मी स्वतः दिलं. एकदाही चुकवलं नाही मी, डॉक्टर. माझ्या हातून औषध चुकत नाही."

शेवटचं वाक्य बाईंसाठी नव्हतं. ते टेबलाच्या पलीकडे जाऊन पडलं.

धाकटीचा हात लोळ्याच्या पोटावर होता आणि पोटाबरोबर वरखाली होत होता. ती म्हणाली, "त्यांना सांगा, मी पण दिलंय."

"कुणाला सांगू?" बाई म्हणाल्या.

"त्यांना."

बाईंनी हातातलं काम थांबवलं नाही. आज दिलंय की रोज देता, असं त्यांनी विचारलं. रोज, धाकटी म्हणाली. रोज, थोरलीही म्हणाली, आणि मग दोघींच्याही लक्षात आलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं, तेही बाईंच्या मार्फत, जणू मध्ये भिंत आहे आणि बाई म्हणजे त्या भिंतीतली खिडकी. पहिली बाटली थोरलीच्या फ्रिजमध्ये होती. त्यांच्या फ्रिजला हात कोण लावणार, म्हणून धाकटीनं दुकानातून दुसरी आणली. लोळ्या रात्री वर झोपायचा. सकाळी उठला की धाकटी त्याला खायला घालायची आणि टोचायची. मग तो पायऱ्या उतरून खाली यायचा. थोरली त्याला खायला घालायची आणि टोचायची. संध्याकाळी पुन्हा तेच, उलट्या क्रमानं. खाली काही देतील याची वरच्या मजल्याला खात्री नव्हती, वर काही देतील याची खालच्या मजल्याला. लोळ्या बिचारा दोन्ही घरी जेवायचा आणि दोन्ही घरी मान पुढे करायचा.

दुप्पट जेवण, दुप्पट औषध. तोल कसाबसा राहिला होता. बाईंना आठवलं, तपासणीला आला की याची साखर कधी आभाळात, कधी पाताळात. वजन उतरायचं नाव नाही. त्यांनी दोघींना बिस्किटांवरून झापलंही होतं. इंजेक्शन देता ना, असं त्यांनी प्रत्येक वेळी विचारलं होतं. कोण देतं, असं एकदाही विचारलं नव्हतं.

"आणि आज तो जेवला होता का?" त्यांनी विचारलं.

धाकटी म्हणाली, वर त्यानं तोंड लावलं नाही. तिला वाटलं, खाली जाऊन खाईल, नेहमी खातोच. म्हणून टोचलं. थोरली म्हणाली, खाली वाटी हुंगून तो बाजूला झाला. तिला वाटलं, वर याला काहीबाही चारलं असणार, पोट भरलेलं आहे. म्हणून टोचलं. मग तो पायऱ्या चढायला गेला आणि मध्येच पडला. थोरली खालून धावली, धाकटी वरून. चादर धाकटीची, गाडी थोरलीनं थांबवली. वाटेत दोघींनी गाडीवाल्याला वेगवेगळे रस्ते सांगितले, आणि शेवटी तो वैतागून म्हणाला, बायांनो, आधी तुमचं ठरवा.

लोळ्याचं उडणं कमी झालं होतं. पण तो शुद्धीवर नव्हता. डोळे उघडे आणि त्यात कुणीच नाही. मेंदूला इतका वेळ साखर मिळाली नाही तर जनावर कधी कधी परत येतं, कधी कधी येत नाही, आणि आलं तरी आंधळं, वेडंवाकडं येतं. बाईंनी हे दोघींना स्पष्ट सांगितलं. धीर द्यायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. खरं सांगायला निदान कमी कष्ट पडतात.

"म्हणजे आम्ही दोघींनी मिळून मारलं याला," थोरली म्हणाली. मग पदराचं टोक तोंडाशी धरून हळू बोलली, "सासूबाईंच्या वेळी तरी दोष द्यायला दुसरं कुणी होतं."

धाकटीनं मान वर केली नाही, पण हातही मागे घेतला नाही.

कंपाउंडरनं बाकावरच्या लोकांना थोपवून धरलं. सशाला खरूज झाली होती, ती थांबू शकत होती. एका मांजरीचे टाके काढायचे होते, तेही थांबू शकत होते. बाई यंत्रावर थेंब बघत, ग्लुकोजचा वेग कमीजास्त करत, पुन्हा थेंब बघत. दुपारी कधीतरी लोळ्याच्या शेपटीचं टोक हललं. मग त्यानं नाक हलवलं, आणि डाव्या बाजूच्या थोरलीचा वास घेतला, उजव्या बाजूच्या धाकटीचाही घेतला, आणि थकून डोकं खाली टाकलं. बाईंनी त्याच्या डोळ्यांपुढून कापूस सोडला. पडता पडता त्यानं तो नजरेनं धरला. दिसत होतं तर.

"आज रात्री इथेच राहील," बाई म्हणाल्या. "आज सुई नाही."

दोघींनी एकदम विचारलं, मग उद्या तो कुठे जाणार. थोरली म्हणाली, खाली, जिने चढणं आता त्याला झेपायचं नाही. धाकटी म्हणाली, वर, झोपायची त्याची जागा तिथे आहे. त्यांना सांगा, थोरली म्हणाली. त्यांना विचारा, धाकटी म्हणाली. बाईंच्या कपाळाची शीर ठणकायला लागली. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर बसल्या, आणि पुढचं जे बोलल्या ते काही विचार करून बोलल्या नाहीत, बसलेल्या माणसाला पुन्हा उठायचं नसतं म्हणून बोलल्या.

"तो कुठे झोपतो याच्याशी मला देणंघेणं नाही. जेवण एकाच घरी. सुई दुसऱ्या घरी. थोरल्या खायला घालतील, धाकट्या टोचतील. बाटली एकच, ती वर. वाटी एकच, ती खाली. आणि पोटात गेल्याशिवाय सुई नाही. बिस्किट नाही, तुकडा नाही, गपचूप काही नाही."

थोरली म्हणाली, "पण मग त्यांना कसं कळणार तो जेवला की नाही?"

"विचारतील."

"रोज?"

"दोनदा."

धाकटी बाईंकडे बघत राहिली. तिला बहुतेक म्हणायचं होतं की हे जमणार नाही. बाई म्हणाल्या, "मी काय तुमच्या जिन्यात येऊन उभी राहू? मला घरी माझं मांजर आहे, त्यालाही माझं तोंड नीट बघायला मिळत नाही. गप्पा मारू नका. चहा पिऊ नका एकत्र. एवढंच विचारा. नाहीतर पुढच्या वेळी चादर आणायलाच नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दवाखान्यात आल्या तेव्हा बाक अजून रिकामा होता आणि दोघी आधीच आत होत्या, टेबलाच्या दोन बाजूंना. लोळ्या खाली फरशीवर उभा होता, पाय थोडे फाकवून, वादळानंतर होडी उभी असते तसा. कंपाउंडर म्हणाला, रात्रभर हा घोरला, आता माझ्या झोपेचं कोण बघणार. बाईंनी साखर तपासली. ठीक होती. डोस त्यांनी बराच कमी केला होता, तो धाकटीला दाखवला. तिनं बाटली तळहातात हळूच फिरवली, सुईत औषध ओढलं, हवेचा बुडबुडा टिचकी मारून काढला. हात सफाईचा होता.

थोरलीनं घरून आणलेलं डब्यातलं जेवण वाटीत काढलं आणि वाटी लोळ्यापुढे ठेवली. ती त्याच्यापुढे उकिडवी बसली. तिच्या पाठीमुळे धाकटीला वाटी दिसत नव्हती.

सुई हातात धरून धाकटी थांबली.

"डॉक्टर, त्यांना विचारा," ती म्हणाली.

बाई हात धुवायला वळल्या होत्या. त्यांनी ऐकलं. पाणी चालू होतं, साबण बोटांत होता, ओरखड्यांना झोंबत होता. त्या टेबलाकडे वळल्या नाहीत. कंपाउंडर तोंड उघडणार होता, त्याच्याकडे त्यांनी नुसतं बघितलं, आणि तो फडकं घेऊन खिडकी पुसू लागला.

बाहेर कुणीतरी बाकावर येऊन बसलं, पिंजऱ्यात काहीतरी खुडबुडलं.

"खाल्लं का?" धाकटी म्हणाली. ना ताई, ना वहिनी. आवाज कोरडा, पुष्कळ दिवस बंद असलेल्या दाराचा असतो तसा.

थोरलीची पाठ हलली नाही. "दोनच घास," ती म्हणाली. "वास घेतोय नुसता. बाकी तसंच आहे."

धाकटीनं हातातल्या सुईकडे बघितलं. मग टोपण हळूच पुन्हा बसवलं आणि ती टेबलावर ठेवून दिली.

"मग थांबते," ती म्हणाली.

बाईंनी नळ बंद केला.