तीन वाजताची नोंद

पंपहाऊसमध्ये पाच माणसं कामाला होती आणि लॉगबुकात पाच रकाने होते. दर तासाला ऑपरेटरनं पाण्याचा दाब लिहायचा, वायरमननं मोटरचे अँपिअर, फिटरनं बेअरिंगचं तापमान, क्लोरीनवाल्यानं क्लोरीन. प्रत्येकानं पुढं सही ठोकायची, आणि चौघांनी खरं लिहिलंय अशी सही शेवटी मुकादम नानांनी करायची. व्यवस्था चोख होती. फक्त पाचही जण एकाच वेळी कामावर असतील, असं तिनं उगाच गृहीत धरलं होतं.

ऑपरेटरला सगळे खानसाहेब म्हणत. त्यांचं आडनाव खान नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी भिडेखातर दुरुस्ती केली नाही आणि पुढची अकरा वर्षं कुणी विचारलं नाही. नानांचा गुडघा, फिटरची सासुरवाडी, वायरमनच्या मुलीची शाळा आणि क्लोरीनवाल्याची दुपारची झोप, या सगळ्यांना खानसाहेबांचा उजवा हात पुरून उरला होता. नानांची सही म्हणजे एक भोपळा, त्याला शेपूट आणि खाली दोन टिंबं. ती खानसाहेब अशी काढत की नानांनाही आपली कुठली ते सांगता येत नसे. फिटरची सही तर फिटरपेक्षा त्यांचीच बरी यायची.

त्या शुक्रवारी शहरात द्वेषाविरुद्ध मानवी साखळी होती. जेवण झाल्यावर नानांनी हात धुतले आणि म्हणाले, "खानसाहेब, आम्ही चौघं जाऊन येतो. तुमच्यासाठीच आहे म्हणा ना."

"मग मीही येतो की."

"तुम्ही कशाला? पंप कोण बघणार? आणि तुमच्या बाजूनं बोलायला आम्ही आहोत ना."

"शिवाय तुम्ही दिसलात," फिटर म्हणाला, "की लोकांना वाटणार तुम्हीच आम्हाला धरून आणलंय."

मुद्दा बिनतोड होता. खानसाहेबांनी चौघांना दारापर्यंत सोडलं. आपल्यासाठी कुणी उन्हात उभं राहावं असं त्यांनी आयुष्यात मागितलं नव्हतं. तीनच्या, चारच्या आणि पाचच्या नोंदीत मिळून त्यांनी दुसऱ्यांच्या बारा सह्या केल्या. नानांची टिंबं त्या दिवशी जरा जास्तच मन लावून दिली.

रविवारी व्हिडिओ फिरला. अकरा सेकंदांचा. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टाकीवर एक दाढीवाला पिशवी घेऊन चढतोय. खाली लिहिलेलं: शुक्रवार, दुपारी तीन, आपल्या पाण्यात काय कालवतोय पाहा. पाणीखात्यात दाढीवाला एकच आहे, हा शोध संध्याकाळपर्यंत कुणीतरी लावला आणि खानसाहेबांचा फोटो व्हिडिओला जोडला. पाणी तपासलं, ते उत्तम निघालं. पण उत्तम पाण्यावर कुणाचा विश्वास बसेना.

त्यांच्या बायकोनं व्हिडिओ चारदा पाहिला. "हा तुमच्या निम्मा आहे," ती म्हणाली. "आणि याला जिना चढताना धाप लागत नाहीये."

"हे साहेबांना सांगू का?"

"सांगा. पण चौघं सांगतील ते जास्त चालेल."

सोमवारी दुपारी पाणीखात्याचे साहेब स्वतः चौकशीला आले. मामला सोपा होता. संध्याकाळी फाईल पोलिसांकडे जायची होती. लॉगबुकात शुक्रवारी तीनला पाच सह्या होत्या. चौघांनी लिहून द्यायचं की ऑपरेटर आमच्या समोर होता, म्हणजे विषय संपला. खानसाहेब बाहेरच्या बाकावर निवांत बसले. वही जे आधीच सांगत होती, तेवढंच चौघांनी सांगायचं होतं.

आतला आवाज प्लायवूडमधून स्वच्छ येत होता.

"साहेब, आम्ही आपापल्या कामात," नाना म्हणाले. "कोण कुठं होतं, कसं सांगणार?"

फिटर बेअरिंगला ग्रीस देत होता, मान खाली. वायरमन पॅनेलमागे होता. क्लोरीनवाल्यानं मास्क लावला होता आणि मास्कमधून बाजूचं दिसत नाही, असं त्यानं शास्त्रोक्त सांगितलं. तो हॉल चाळीस फुटांचा होता. तिथं एकानं शिंक दिली तर चौघं दचकत.

नाना बाहेर आले ते बुटांकडे बघत.

"नाना, हे काय?"

"लेखी जबाब पोलिसांत जाणार म्हणे. उद्या साखळीतला आमचा फोटो कुणी पुढं केला तर? तुम्ही खरे आहात खानसाहेब, तुम्हाला कसली भीती? आमचं खोटं आहे, आम्हाला जपून राहावं लागतं."

खानसाहेब आत गेले. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "चौघांपैकी एकानंही तुम्हाला पाहिलेलं नाही."

"एक कोरा कागद मिळेल?"

त्यांनी भोपळा काढला, शेपूट काढलं, दोन टिंबं दिली. मग फिटर, वायरमन, क्लोरीनवाला. एकही सही बिघडली नाही. सवय मोठी वाईट.

"शुक्रवारी दुपारी वहीत पाच जण आहेत, साहेब. पाचही मीच. तीन दहाला दोन नंबरचा पंप बंद होऊन तीन नंबरचा चालू झाला, ते तुमच्या वरच्या ऑफिसच्या तक्त्यावर असेल. पंप आपण होऊन बदलत नाही."

साहेबांनी कागद वहीशेजारी धरला. बराच वेळ धरला. मग वर फोन लावून तीन दहाची खात्री केली.

"मग हे चौघं कुठं होते?"

"माझ्यासाठी उभे होते."

निर्णय तासाभरात टाईप झाला. ऑपरेटरचा टाकीशी संबंध नाही. बारा बनावट सह्यांबद्दल ऑपरेटर उद्यापासून निलंबित. उर्वरित चौघांना, सामाजिक हेतू लक्षात घेता, तोंडी समज.

साहेबांची गाडी गेल्यावर हॉलमध्ये फक्त मोटरांचा आवाज राहिला. चौघं लॉगबुकाच्या टेबलाभोवती उभे होते, खांद्याला खांदा लावून.

"आमची नावं घ्यायला नको होती खानसाहेब," नाना म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच ओले होते. "बारा वर्षांचा विश्वास होता."

"दीड तास उभे होतो उन्हात," फिटर म्हणाला. "कुणासाठी?"

 घड्याळात पाच वाजले. खानसाहेबांनी दाबाच्या काट्याकडे पाहिलं, दाब लिहिला, चार पूर्णांक दोन, आणि पुढं एक सही केली. आपली. मग वही चौघांकडे फिरवली, पेन मधोमध ठेवलं आणि डबा घ्यायला गेले.

नानांनी पेन उचललं. थोडं थांबले. मग मागचं पान उलटून आपली सही कशी असते ते पाहू लागले.