थोंगसा मामाचा सावलीतला महिना

थोंगसा मामा उन्हातला माणूस. खोनकेन शहराच्या वरच्या अंगाला धरणाचं मोठं पाणी आहे, त्याच्या काठावर आमचं गाव. मामा पहाटे होडी काढायचा आणि ऊन डोक्यावर आलं की परतायचा, पाठीवर घामाचं मीठ वाळलेलं असायचं. माझे वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आई आणि मी मामाकडेच राहिलो. शाळा पलीकडच्या काठाला होती. तो मला होडीतून सोडायचा आणि वाटेत पाढे म्हणायला लावायचा. चुकलं की वल्हं वर उचलून बसायचा. "बरोबर येईपर्यंत इथंच. मला घाई नाही आणि माशांनाही नाही."

होडी काठाला लागली की कोई प्ला व्हायचं. ताजे लहान मासे सुरीनं बारीक चिरायचे. त्यात लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड, पुदिना. चूल पेटवायची नाहीच. चिकट भाताचा गोळा बोटांनी दाबून त्यात बुडवायचा. ती चव अजून माझ्या जिभेवर आहे. त्याच कच्च्या माशांतून एक बारीक कृमी पोटात जाते, यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांत घर करते आणि पुढं केव्हातरी तिथं कॅन्सर धरतो. माझे वडील त्यानंच गेले. आमच्याकडे प्रत्येक आळीत असं एखादं घर होतं.

मी रसायनशास्त्र शिकले आणि शहरात डॉक्टर निरामोन यांच्या प्रयोगशाळेत लागले. आमचं काम असं होतं, की एक रंगद्रव्य अतिसूक्ष्म कणांत भरायचं. ते शिरेतून दिलं की गाठीत जाऊन बसतं आणि स्वस्थ पडून राहतं. मग तोंडावाटे बारीक तंतू आत घालून गाठीवर लाल प्रकाश टाकायचा. उजेड पडला की औषध जागं होतं आणि तेवढीच जागा जाळतं. उंदरांवर हे सगळं छान चालायचं. माणसांवर नुकतं सुरू झालं होतं.

त्याच वर्षी मामाचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली, भूक गेली. त्यानं कोणाला सांगितलं नाही, कारण मुलीचं, मालीवानचं लग्न ठरलं होतं. मी सुट्टीला घरी गेले, त्याला दारात बसलेलं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये घालून शहरात आणलं.

गाठ कापून काढण्यासारखी नव्हती. निरामोन मॅडमनी त्याला उजेडाच्या औषधाबद्दल समजावून सांगितलं. बरं होण्याचं वचन दिलं नाही; नळी मोकळी होईल, कावीळ उतरेल, दिवस चांगले जातील, एवढंच म्हणाल्या. मामानं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला.

"म्हणजे काजवा गिळायचा."

"तसंच काहीसं, मामा."

"आणि हा काजवा तू केलास?"

"मी एकटीनं नाही. आम्ही सगळ्यांनी."

"तुझा पाढ्यांचा हिशेब मला माहीत आहे," तो म्हणाला आणि सही करायला पेन मागितलं.

उपचार नीट झाला. पण पुढचा महिना सावलीत काढायचा होता. रंगद्रव्य गाठीतच राहावं म्हणून तर आम्ही ते कणांत भरलं होतं. तरी त्यातलं किती कातडीत झिरपतं, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. ऊन लागलं तर अंग भाजून निघालं असतं. म्हणून मॅडमनी बजावलं होतं, की ऊन नको, झगझगीत दिवे नकोत. अगदी मिट्ट काळोखही नको, थोड्या मंद उजेडानं औषध हळूहळू विरतं.

गावातल्या घरी मामीनं खिडक्यांवर जुने पंचे आणि चादरी लावल्या. त्या खोलीत मामा जाळी दुरुस्त करत बसे, बोटांनी चाचपून गाठी मारत. बाहेर होडी फटफटत गेली की ती कोणाची ते सांगायचा आणि आज मासे किती मिळाले असतील याचा अंदाज करायचा. अंदाज बहुतेक चुकायचे, पण लोक येऊन "बरोबर, दादा" म्हणायचे. मी सुट्टी वाढवून घेतली होती. त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरताना मी रोज बघत होते, मेणबत्ती जरा लांब धरून.

अडचण लग्नाची होती. विहारातल्या भन्तेंनी काढून दिलेला दिवस त्याच महिन्यात येत होता. पुढं ढकलावं तर वर्षावास लागणार, आणि वर्षावासात आमच्याकडे लग्नं होत नाहीत. ते तीन महिने उलटल्यावर मामा असेल का, हे घरात कोणी उघड बोलत नव्हतं. आमची लग्नं सकाळची. नवऱ्याची वरात ढोल वाजवत उन्हातून येते, मग केळीच्या पानांच्या आणि फुलांच्या मनोऱ्याभोवती सगळे बसतात, वडीलधारे पोरांच्या मनगटांना पांढरा दोरा बांधतात. मामा म्हणाला, तुम्ही अंगणात करा, मी आतून ऐकीन. मालीवान म्हणाली, मग मी लग्नच करत नाही. ती तिन्हीसांजेला लग्न लावायचा हट्ट धरून बसली.

नवऱ्याची आई येन मावशी हे ऐकून तणतणत आली. संध्याकाळी काय लग्न असतं, लोक तोंडात शेण घालतील, असं अंगणातूनच बोलत आली. मामीनं तिला मामाच्या खोलीत नेलं. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर तिला काही दिसेना. ती चाचपडत चटईवर बसली. मी कोपऱ्यात होते.

बराच वेळ दोघं पाण्याबद्दल, भातपेरणीबद्दल बोलत राहिले. येन मावशीचा नवराही याच दुखण्यानं गेला होता. आमच्या रीतीप्रमाणे मुलानं लग्नाआधी थोड्या दिवसांपुरतं विहारात चीवर घेतलं तेव्हा बाप दवाखान्यात पडून होता, तो सोहळा त्यानं पाहिला नाही.

मग मामा म्हणाला, "येन, हे तुझ्या घरी असतं, तर तू तुझ्या नवऱ्याला आत कोंडून वरात काढली असतीस का?"

खांद्यावरच्या पंच्यानं तिनं तोंड पुसलं. म्हणाली, "वरात दिवस मावळल्यावर येईल. पण तोवर ढोलवाले पिऊन तर्र झालेले असतील, दादा. मग मला नावं ठेवायची नाहीत."

"शुद्धीवरही ते काय वाजवतात ते मला माहीत आहे," मामा म्हणाला. येन मावशी हसली, आणि हसता हसता रडलीही.

लग्नाच्या दिवशी दुपारभर मंडळी अंगण सजवत होती. दिवे मंद हवेत एवढं त्यांना कळलं होतं, म्हणून नवऱ्याच्या चुलतभावांनी झाडांना लाल दिव्यांच्या माळा सोडल्या. मी भात उकडत होते. बाहेर आले तर समोर त्या माळा. लाल उजेडच तर आमच्या औषधाला जागं करतो. एवढ्याशा दिव्यांनी कदाचित काही झालं नसतं, पण मी धावत जाऊन माळा ओढून काढल्या. पोरं चिडली, मालीवान आतून ओरडली, "पुईताई, हे काय चालवलंयस?" सगळ्यांना समजावताना माझा घसा बसला. शेवटी विहारातून मेणबत्त्या आणल्या आणि बांबूच्या पेरांत लावल्या.

दिवस मावळला, पाण्यावरचा उजेड गेला आणि मामा बाहेर आला. लांब बाह्यांचा सदरा, डोक्यावर टोपी, हातमोजे. दारात थांबून त्यानं आधी पाण्याकडे पाहिलं. वरात आली, ढोलवाले येन मावशीनं सांगितलं होतं तसेच होते. मामानं हातमोजे काढून मालीवानच्या मनगटाला दोरा बांधायला घेतला. दोरा दोनदा निसटला, गाठ काही बसेना. जन्मभर जाळी विणलेला माणूस, त्याला ती एक गाठ जमेना. मालीवाननं हात पुढं करून ठेवला आणि वाट पाहिली. कोणी मदतीला गेलं नाही. गाठ बसल्यावर येन मावशीनं आपल्या हातातला दोरा मामाच्या मनगटाला बांधला, आणि मग एकेक करत सगळ्या गावानं बांधला. कोपरापर्यंत त्याचा हात पांढरा झाला.

पुढच्या हिवाळ्यात त्याचं वजन भरलं, तो पुन्हा पाण्यावर गेला. मासे आता शिजवूनच खायचा आणि रोज कुरकुरायचा, की याला चव म्हणजे भिजलेल्या पुठ्ठ्याची. एकदा न कळवता शहरात आला, माझी प्रयोगशाळा बघायला. मी त्याला ते कण असलेली बाटली दाखवली, हिरवट पाण्याची. त्यानं ती हलवली, नाकापाशी नेली.

"यात काही दिसत नाही."

"दिसत नाहीच, मामा. फार बारीक असतात."

तो बराच वेळ बघत राहिला. मग बाटली जपून परत दिली आणि भूक लागली म्हणाला. रस्त्यावर भाजलेली कोंबडी आणि चिकट भात घेऊन आम्ही तळ्याकाठी बसलो. उन्हात बसलो, कारण त्याला तिथंच बसायचं होतं.

त्यानंतर आणखी एक उन्हाळा तो होता. मालीवानच्या मुलीला त्यानं मांडीवर घेतलं, तिचं नाव ठेवलं. शेवटी दुखणं यकृतभर पसरलं आणि तो घरीच गेला, सगळी माणसं जवळ असताना. मी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे. आमचे कण आता पुष्कळ सुधारले. हल्लीचे रोगी थोड्याच दिवसांत उन्हातून चालत घरी जातात. त्यांना जाताना पाहिलं की मला मामाच्या होडीतून शाळेला जातानाच्या सकाळी आठवतात, आणि मी माझ्याशीच पाढे म्हणत जिना चढते.