उलटे रंग

"अहो, घाबरता काय अशा! ती मधली मोठी नारिंगी पेशी दिसतेय ना, ती आपली. थोरल्या जावेसारखी थोराड आहे बघा! आणि तिला चिकटलेल्या चार निळ्या, तो कॅन्सर. एकीचीही धडगत नाही." रुग्णालयाच्या बाकावर ताई शेजारच्या नव्या बाईंना भिंतीवरचा फोटो समजावून देत होती. "माझ्या धाकट्या भावानं काढलाय. हा काय, इथंच बसलाय!"

धाकट्याने मान खाली घातली. पंचवीस वर्षं तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करत होता. त्या यंत्राला रंग कळत नाहीत, सगळं राखाडी दिसतं. रंग मागाहून संगणकावर भरायचे. प्रयोगशाळेचा शिरस्ता ठरलेला: शरीराच्या लढाऊ पेशी नारिंगी, कॅन्सरच्या निळ्या. या फोटोत त्याने घाईघाईत नेमकं उलटं केलं. चूक ध्यानात आली तोवर फोटो भिंतीवर चढला होता आणि साहेबांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली होती. रंग असे खुलले होते की आकाराकडे कुणी पाहिलंच नाही. त्याने तोंडाला कुलूप घातलं. दोन वर्षांनी ताईच इथे उपचाराला येऊ लागली, तरी ते निघालं नाही.

नव्या बाईंनी त्यालाच विचारलं, "म्हणजे भाऊ, ती मोठी नक्की आपल्या बाजूची ना?"

"सांग ना रे. लाजतोय मेला!"

"नाही... ती मोठी कॅन्सरची आहे. आपल्या त्या चार. रंग माझ्याकडून उलटे भरले गेले."

बाईंनी पदर सावरला आणि त्या दुसरीकडे पाहू लागल्या. ताई मात्र फोटोकडेच बघत राहिली.

"एवढ्याशा?"

"हो. पण त्याच भारी पडतात, ताई. खरंच."

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

त्याने पुन्हा मान खाली घातली.

"सुई टोचली की मी डोळे मिटून त्या मोठीला हाक मारायचे," ताई हळूच म्हणाली. "म्हणायचे, बाई गं, तू जगून राहा. सहा महिने हेच म्हणत आले."

आतून नर्सने पुकारा केला. ताई उठली. आत जाताना दर वेळी ती पिशवी त्याच्या मांडीवर ठेवायची. त्याने सवयीने हात पुढे केले. तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि दार लोटून आत गेली.