पुलावर न उतरलेला बासू

कचऱ्याचा ट्रक पुलावरून धडधडत निघून गेला, पण बासू काही उतरला नाही.

इट्टो कठड्याशी रिकामी पोती घेऊन उभी होती. शहराबाहेर कचरा जाळून वीज करणारा कारखाना उभा राहिला आणि जुन्या कचरा डेपोला कुलूप लागलं. ॲटलसच्या डोंगरातून येऊन भंगारावर जगणाऱ्यांनी मग नवी युक्ती काढली. बाजाराच्या वळणावर उघड्या ट्रकात चढायचं, वाटेत बाटल्या, तांबं, पत्रा निवडायचा आणि कारखान्याअलीकडच्या पुलावर गाडी मंदावली की पोत्यासकट उडी मारायची. ड्रायव्हर काणाडोळा करायचे.

आज ना पोतं पडलं, ना नवरा.

"डोळा लागला असेल मेल्याचा," ती पुटपुटली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तिने पोती खाली टाकली. आत गेलेला ट्रक खड्ड्यात रिता होतो, वरून लोखंडी पंजा उतरतो आणि भरल्या मुठीने भट्टीकडे जातो, एवढं तिला ऐकून माहीत होतं. चपला हातात घेऊन ती पळत सुटली.

"लाल्ला, ए बाई, कुठे निघालीस? घर आहे का तुझं?" फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"आत्ता गेला त्या ट्रकात माझा माणूस आहे!"

"ट्रकात माणसं नसतात. कचरा असतो."

त्याच्या काखेखालून ती निसटली. आतल्या धुरकट उजेडात ट्रक पाठ उचलून उभा होता, रिकामा. खाली खड्ड्यात पंजा मिटत होता. दोन बोटांच्या मधून निळं कापड लोंबत होतं. बासूचा सदरा निळाच होता. वर काचेच्या खोलीत बसलेल्याला तिची किंकाळी ऐकू जाणं शक्यच नव्हतं. खांबावर लाल बटण दिसलं. तिने दोन्ही तळव्यांनी दाबलं.

भोंगा वाजला. पंजा अधांतरी थांबला.

मग माणसं आकड्या घेऊन खड्ड्यात उतरली. निळं कापड ओढून काढलं, तर फाटका पडदा निघाला. तरी शोध थांबेना. इट्टो जमिनीवर बसून राहिली. प्रार्थनेचे शब्द अर्ध्यावरच तुटत होते.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "ही कसली गर्दी?"

पाठीवर पोतं घेऊन बासू उभा होता. पुढे पोलीस दिसले म्हणून तो पुलाअलीकडच्या चौकातच उतरला होता, आणि पुलावर ती दिसेना म्हणून इथवर आला होता.

कारखान्याच्या साहेबांनी त्याच दिवशी हुकूम काढला. ट्रकांना लोखंडी झाकणं आली, वर चढणं बंद झालं. वस्तीतले लोक इट्टोला पाहून तोंड फिरवू लागले. "कारखान्याची वीजवाली आली गं," बायका टोमणे मारायच्या. बासू तर तिच्याशी बोलेनासाच झाला. तो विटा वाहायला जाऊ लागला. एकदाच काय ते म्हणाला, "मला वाचवायला गेलीस, की सगळ्यांना उपाशी मारायला?"



मग एका जुम्म्याला जेवताना त्याने घास ताटातच ठेवला. "रमजानात एकदा खरंच डोळा लागला होता," तो खाली बघत म्हणाला. "जाग आली तेव्हा ट्रकची पाठ वर उचलली जात होती. कशीबशी कड धरून लोंबकळलो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू जाऊ दिलं असतंस?"

बासूने इट्टोचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.