दादानं बदकच वाटून टाकलं

संध्याकाळी खेळ सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता आणि दुपारच्या चहाला बदकं उडायला लागली.

बदकं उडाली तर बिघडलं कुठं, असं कुणीही म्हणेल. पण ही बदकं संगणकावरच्या खेळातली होती. त्यांनी डुलत डुलत तळ्यावर जायचं, एवढंच ठरलं होतं. वहिनीनं पंख काढले होते ते निव्वळ शोभेला.

खेळ लिहिला दादानं, चित्रं काढली वहिनीनं, आणि चुका हुडकायचं काम धाकट्या बहिणीचं. तिला सगळे खुसपटच म्हणत. खेळ सोडायचं शेवटचं बटण खुसपटच्या संगणकावर, हा नियम दादानंच मोठ्या हौसेनं केला होता. त्या बटणाच्या जोरावर तिनं दोनदा तारीख पुढे ढकलायला लावली, आणि दुसऱ्या खेपेला दादानं तिच्याशी बोलणंच टाकलं. काही हवं असलं की तो वहिनीला सांगे, आणि दोघांच्या मधे बसलेली वहिनी मान वळवून तेच खुसपटला सांगे. खुसपटला हे सोसवेना. आज डोळे मिटून बटण दाबायचं, असं ती घरूनच ठरवून आली होती.

रंगीत तालीम म्हणून सगळ्या नातेवाइकांना एकदम खेळायला बसवलं होतं. फोनवर आई होती.

"अगं बाई! माझी ठमी वर चाललीय!"

ठमीमागोमाग मावशीचं बदक, मग काकांचं. छपरांवरून, झाडांवरून, माना ताठ ठेवून सगळी निघाली. वहिनीला हसून हसून उचकी लागली. दादाही खो खो हसला, मग आपला अबोला आठवून त्यानं तोंड वाकडं केलं.

चूक खुसपटला लगेच सापडली. एका बदकाला अनेकांनी भरवलं, तर दाणे त्या सगळ्यांत वाटून मोजायचे होते. दादानं घाईत दाण्यांऐवजी बदकाचं वजनच वाटून टाकलं होतं. तिघंच खेळत होते तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. आज अख्खं गणगोत एकमेकांच्या बदकांना भरवायला धावलं आणि ठमीसकट सगळी पिसासारखी हलकी झाली.

"तिला सांग, असंच सोडू," दादा वहिनीला म्हणाला. "लोकांना मजाच येईल."

"तो म्हणतोय..."

"ऐकलं मी." खुसपटनं माउसवर हात ठेवला. मजा तर येतच होती!

"ए, पण ठमी खाली कधी येणार?" आईनं विचारलं.

खुसपटचा हात थांबला. "येणार नाही, आई. फार वर गेलेलं खेळातून पुसलं जातं."

"पुसलं जातं? मी तिला अंड्यातून काढलीय!"

वहिनी पुन्हा फिसकन हसली, पण आई हसली नाही.

"दादा, नको सोडायला," खुसपट थेट त्यालाच म्हणाली. "रुसायचं तर रूस. पण आज जो येईल तो स्वतःची ठमी हरवून बसेल."

दादानं छताकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि खेळाची वाट बघणाऱ्यांसाठी सूचना स्वतःच टाइप केली: 'बदकं उडाली आहेत. पकडून आणतो. खेळ पुढच्या आठवड्यात.' वहिनीनं त्याखाली ढगांत घुसलेल्या बदकांचं चित्र जोडलं. तिघंही शिव्या खायला तयार होऊन बसले. थोड्या आल्याही. पण बाकीचे विचारत होते, जाळं पाठवू का? शिडी आहे का तुमच्याकडे? हसता हसता खुसपट खुर्चीवरून घसरलीच.

"मी तळ्यावर दाणे टाकून बसते," आई फोनवरून म्हणाली. "आणा लवकर."

दादानं आपली खुर्ची ओढत वहिनीच्या पलीकडे नेली आणि खुसपटला खेटून बसला.

"बोल, खुसपट. अजून काय काय मोडलंय?"

खुसपटला एकदम रडूच आलं. नाक ओढत ती वहिनीकडे वळली. "त्याला सांग, खूप आहे."

"मलाच सांग ना. हिला कशाला?"

"सुटले बाई!" वहिनी म्हणाली, आणि तिला पुन्हा उचकी लागली.